घराला टोचन

माणसाने घर सोडून फिरायला निघावं आणि निघताना घरच मागे बांधून घ्यावं, ही कल्पना अमेरिकेत फोफावली हे मला अजून पटलेलं नाही. ती डोंबिवलीत जन्मायला हवी होती. आपली चादर, आपली उशी, आपला आल्याचा चहा, आपलं पिठलं आणि मुख्य म्हणजे आपला संडास बरोबर घेऊन प्रवास करावा, वाटेत हॉटेलवाल्याला एक छदाम देऊ नये आणि परतल्यावर चार लोकांत 'आम्ही सगळं पाहून आलो' असं सांगावं, हे स्वप्न अस्सल मराठी मध्यमवर्गाचं आहे. अमेरिकनांनी त्याला फक्त चाकं लावली.

चाकं लावलेल्या या घराला इथे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. पिकअप ट्रकला टोचन लावून तो ओढायचा. आत पलंग, गॅसची शेगडी, वीतभर बेसिन, हातभर फ्रिज आणि शिरताना पोट आत घ्यावं लागेल एवढं न्हाणीघर. घरपण आणि भटकंती यांचं भांडण मिटवायलाच हा प्रकार निघाला, याला इतिहासाचा आधार आहे. चंदेरी ॲल्युमिनियमच्या 'एअरस्ट्रीम' ट्रेलरचा जनक वॉली बायम. त्याच्या बायकोने, मॅरियनने, 'स्वयंपाकघर असेल तरच कॅम्पिंगला येईन' असं बजावलं आणि बिचारा खटपटीला लागला, ही कथा कंपनी स्वतःच अभिमानाने सांगते. १९३१ साली कंपनी निघाली. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग, आल्ड्रिन आणि कॉलिन्स चंद्रावरून परतले, तेव्हा विमानवाहू जहाजावर उतरताच त्यांना थोडा फेरफार केलेल्या अशाच एका एअरस्ट्रीममध्ये बंद करून ठेवलं. चंद्रावरचे जंतू घरात यायला नकोत म्हणून. राष्ट्राध्यक्ष निक्सन काचेबाहेर उभे राहून त्यांच्याशी बोलले. ही हकिकत ऐकून आमची आई म्हणाली, "बरोबरच आहे. कुठून कुठून फिरून येतात. आधी हातपाय धुवायला नकोत?"

आम्ही राहतो मिनेसोटात. या राज्यात बॅकस नावाचं एक लहानसं गाव आहे आणि तिथे 'स्कॅम्प' नावाचे फायबरग्लासचे अंडाकृती ट्रेलर बनतात. आमचा ट्रेलर याच जातकुळीतला, सोळा फुटी, एका आसाचा आणि अर्थातच सेकंडहँड. विकणारे गृहस्थ सत्तरीचे होते. का विकताय, असं विचारल्यावर त्यांनी पत्नीकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "आता हॉटेल." हा प्रसंग भविष्यसूचक असू शकतो, हे व्यवहाराच्या आनंदात कुणाच्या लक्षात येत नाही.

ट्रेलर ओढणाऱ्या आमच्या चमूची ओळख आधी करून द्यायला हवी, कारण यात कोण किती लायक हे पुढे ज्याच्या त्याच्या लक्षात येईलच. मी संगणकवाला, कुठल्याही प्रश्नाचा तक्ता करतो आणि तक्ता झाला की प्रश्न सुटला असं समजतो. बायको शिरोळ तालुक्यातली, उसाच्या पट्ट्यातली. कॉलेजच्या सुट्टीत तिने वडिलांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट चालवलेला आहे. दर उन्हाळ्यात आमच्याकडे येणारे बाबा एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. आईचा वाहनांशी संबंध खिडकीची जागा मिळण्यापुरता. आणि मुलगी बारा वर्षांची, म्हणजे आमच्यापैकी कुणालाही ओळखत नसल्यासारखी मागच्या सीटवर बसणारी.

पिकअपच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. डोंगर, धुरळा, घोगरा आवाज आणि शेवटी पडदाभर एक आकडा: आमच्या ट्रकने ६५०० पौंड ओढले जातात. म्हणजे जवळजवळ तीन टन. आमचा ट्रेलर तुडुंब भरला तरी ३३०० पौंड. निम्म्या ताकदीत काम भागतंय आणि निम्मी शिल्लक राहतेय, हे पाहून मराठी माणसाला जी तृप्ती वाटते ती मला वाटली. मग मी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं स्टिकर वाचलं.

जाहिरातीचा आकडा पडदाभर असतो, स्टिकरवरचा आकडा चष्म्याशिवाय दिसत नाही. त्यावर लिहिलं होतं की माणसं आणि सामान मिळून या गाडीत ११०० पौंडांपेक्षा जास्त वजन कधीही नसावं. ठीक आहे, म्हटलं, ट्रेलर तर मागे आहे, त्याला स्वतःची चाकं आहेत. पण ट्रेलरचा पुढचा दांडा ट्रकच्या हिचवर, म्हणजे टोचनाच्या जोडावर, टेकतो आणि टेकताना आपल्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार ट्रकवर टाकतो. आमच्या बाबतीत सुमारे ४०० पौंड. हा भार 'सामान' या सदरात मोडतो. म्हणजे ट्रेलर मागे असूनही गाडीत बसलेला असतो आणि तिकीट मात्र काढत नाही, असं बाबांनी याचं सार सांगितलं.

अकराशेतून चारशे गेले, उरले सातशे. त्यात पाच माणसं. आमच्या घरात एकमेकांचा पगार विचारता येतो, वजन विचारता येत नाही. तरी तक्ता भरायचा म्हणून मी विचारलं. मुलीने तत्परतेने सांगितलं. बायकोने दशांश चिन्हासह सांगितलं, म्हणजे ते खरं असणार. बाबांनी निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय दाखल्यावरचं वजन सांगितलं. आई म्हणाली, "तुला कशाला हव्यात नसत्या चौकश्या?"

मग ओढण्याचा तो भला मोठा आकडा येतो कुठून? त्यासाठी इथे एक प्रमाणित चाचणी आहे, 'एसएई जे२८०७' या नावाची. ॲरिझोनात डेव्हिस धरणापासून वर चढणारा अकरा मैलांहून लांब घाट आहे. भर उन्हाळ्याच्या तापमानात, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलर ओढत तो घाट ठरलेला वेग न सोडता चढायचा, हा त्या चाचणीचा एक भाग. इथपर्यंत ती कडकच आहे. पण आमच्यासारख्या हलक्या ट्रकच्या हिशेबात गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, एक ड्रायव्हर आणि एक सोबती, प्रत्येकी १५० पौंडांची. म्हणजे ६८ किलो. आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवानंतर ६८ किलोचा गृहस्थ शोधायला समिती नेमावी लागेल. शिवाय या दोघांना मुलं नाहीत, आईवडील नाहीत, कुकर नाही, आणि आठवडाभराच्या प्रवासाला निघताना वीस पौंडांची कणकेची पिशवी घ्यावी असं त्यांच्यापैकी कुणालाही वाटलेलं नाही. असल्या निःसंग माणसांनी काढलेले आकडे संसारी माणसाच्या काय कामाचे?

तोंडी माहितीवर विश्वास उरला नाही की काट्यावर जावं लागतं. अमेरिकेत महामार्गांलगतच्या ट्रक थांब्यांवर 'कॅट स्केल' नावाचे वजनकाटे असतात. १९७७ सालापासून ही कंपनी हाच धंदा करते. आयोवातल्या वॉलकॉट गावची. काट्याच्या तबकड्या स्वतंत्र असतात. ट्रकची पुढची चाकं एकीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर अशी उभी करायची, खिडकीतून हात काढून बटण दाबायचं, आत बसलेल्या बाईंशी दोन शब्द बोलायचे आणि पावती घ्यायची. कुठल्या आसावर किती भार आहे ते त्यावर छापून येतं.

माझ्या दृष्टीने हे तंत्रज्ञान होतं. बायकोच्या दृष्टीने तो काटा होता, आणि उसाच्या पट्ट्यात वाढलेलं माणूस काट्याकडे श्रद्धेने पाहत नाही. तिकडे ऊस पिकवण्यात जेवढी वर्षं जातात, त्याहून जास्त काटा मारला की नाही यावर वाद घालण्यात जातात. तिने काट्याच्या चारी बाजूंनी फेरी मारली, तबकडीवर पाय आपटून पाहिला आणि मग भिंतीवरची पाटी वाचली. आमच्या काट्यावर वजन कायद्यात बसलं आणि तरी पुढे तुम्हाला जास्त वजनाचा दंड झाला, तर काटा चुकल्यास तो दंड आम्ही भरू, नाहीतर कोर्टात तुमच्या बाजूने साक्षीला उभे राहू, असं त्या कंपनीचं आश्वासन आहे. बायको ती पाटी पुन्हा पुन्हा वाचत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "याचा फोटो काढ. अप्पांना पाठवते." शिरोळहून सासऱ्यांचा निरोप आला, की हा काटा उचलून इकडे आणता येईल का ते बघा.

वजन करायच्या नेमक्या क्षणी आईला ट्रक थांब्याच्या दुकानात काहीतरी बघायचं होतं. त्यामुळे आमच्या पावतीवरचं वजन आई वगळून आहे. उरलेली जागा मी अंदाजाने भरली. तो आकडा कुणालाही सांगितलेला नाही आणि सांगणार नाही. मुलीने मात्र त्या रात्री सगळ्यांना १९५४ सालचा 'द लाँग, लाँग ट्रेलर' हा चित्रपट लावून दाखवला. त्यात ल्युसिल बॉल नवऱ्याच्या नकळत ट्रेलरमध्ये आठवणीचे धोंडे आणि मुरंब्याच्या बरण्या साठवत जाते, आणि ते ओझं घेऊन दोघं घाट चढतात. आई पोट धरून हसली. सकाळी उठून तिने आपल्या लोणच्याच्या बरण्या आणखी आतल्या कप्प्यात सरकवल्या.

हा आतला कप्पा कुठला, हे इथे महत्त्वाचं आहे. ट्रेलरमधलं सामान आसाच्या पुढे जास्त आणि मागे कमी हवं. साठ-चाळीस असा ढोबळ हिशेब सांगतात. मागचा भार वाढला की दांड्यावरचा दाब कमी होतो आणि वेग घेतल्यावर ट्रेलर मागे शेपटी हलवायला लागतो. ट्रकने सरळ जायचं ठरवलेलं असतं, ट्रेलरचं काहीच ठरलेलं नसतं, आणि थोड्याच वेळात ट्रेलर ट्रकला पटवतो. अशा वेळी काय करावं याचे नियम आहेत. ट्रकचा ब्रेक कचकन दाबायचा नाही. स्टिअरिंग झटकायचं नाही, सरळ धरायचं. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा आणि ड्रायव्हरच्या हाताशी असलेल्या कंट्रोलरची कळ सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ येतो. मी हे नियम घरात मोठ्याने वाचून दाखवले. बाबा म्हणाले, "हे गाडीचं नाही, संसाराचं सांगतोय तो." आई म्हणाली, "मग तीस वर्षं उलटं का केलंत?"

त्यानंतर आईच्या कप्प्यांची फेरमांडणी झाली. कुकर, कणीक, तांदूळ आणि लोणची आसाच्या पुढे आली. पलंगाखाली, अगदी मागे, फक्त कुरमुरे आणि पापड राहिले. पापडांनी शेपटी हलत नाही.

जोडणीचा विधी प्रत्येक निघण्याच्या वेळी पहिल्यापासून करावा लागतो. ट्रक मागे घेऊन हिचवरचा बॉल बरोबर दांड्याच्या कपलरखाली आणायचा. आमचा बॉल दोन इंची. कपलरवर जो आकडा कोरलेला असतो त्याच मापाचा बॉल लागतो, इथे 'चालतंय की' चालत नाही. जॅक फिरवून दांडा बॉलवर उतरवायचा, खटका लावायचा, खटक्यात पिन घालायची. दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडा रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत पडतो. एक बारीक तार वेगळी. ट्रेलर सुटून निघालाच तर ती ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. मग सात पिनांचा प्लग, दिवे, इंडिकेटर, आणि सगळ्यात शेवटी चाकाखालचे ठोकळे काढायचे.

पहिल्यांदा हे सगळं पाहताना बायको म्हणाली, "आमच्याकडे एक पिन टाकली की ट्रॉली निघाली." ते खरं आहे. उसाच्या हंगामात तिकडे एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जातात, वर ऊस आभाळाला टेकलेला, मागे दिव्याचा पत्ता नाही आणि पुढे गाणी मात्र तीन गावांना ऐकू जातील अशी. इथे बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांच्या पुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. पण मला विचाराल तर हा विधी आपल्याच माणसासाठी बनलाय. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारा, जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढून बघणारा आणि रिक्षात बसल्यावर 'गॅस बंद केलास ना?' विचारणारा मराठी माणूस इथे जन्मजात तज्ज्ञ ठरतो. अमेरिकन लोक यासाठी याद्या छापून घेतात. आपल्याला वडील पुरतात.

बाबांना या सगळ्यात सर्वाधिक आनंद दिला तो टायरने. ट्रेलरचे टायर खास बनावटीचे असतात आणि त्यांच्या कडेवर मापाच्या आधी ठळक अक्षरांत 'एसटी' असं लिहिलेलं असतं, स्पेशल ट्रेलर. बाबांनी टायरसमोर उकिडवं बसून ती अक्षरं बोटाने चाचपली आणि मग आईला बोलावून दाखवली. यातले बरेच टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच वापरायचे असतात. "एसटी म्हटल्यावर वेगाची मर्यादा आलीच," असं म्हणून बाबांनी त्या मर्यादेच्या अंमलबजावणीचे अधिकार स्वतःकडे घेतले.

त्यामुळे ब्लॅक हिल्सच्या वाटेवर साउथ डकोटातल्या आय-९० महामार्गावर आम्हाला सगळ्यांनी ओलांडलं. तिथे वेगमर्यादा ८० मैलांची आहे. आम्हाला मोठे ट्रक ओलांडून गेले, मोटारसायकली गेल्या, आमच्या तिप्पट लांबीचे ट्रेलर ओढणारे आजोबा हात हलवत गेले. त्या माळावर अडवायला झाडही नसल्यामुळे वारा आडवा येऊन घराच्या अंगावर बसतो. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. एरवी गॅलनला वीस मैल देणारा ट्रक ट्रेलर लागल्यावर अकरा-बारावर येतो. बाबा प्रत्येक पंपावर आकडे टिपून घेत होते आणि काही बोलत नव्हते. बाबा बोलत नाहीत तेव्हा हिशेब गंभीर असतो.

हळू जाण्याचा फायदा असा की पाट्या वाचून होतात. या रस्त्यावर शेकडो मैल 'वॉल ड्रग' या एकाच दुकानाच्या पाट्या लागतात. टेड आणि डोरोथी हस्टेड या दांपत्याने १९३१ साली वॉल नावाच्या आडगावात औषधाचं दुकान घेतलं. गिऱ्हाईक फिरकेना. मग १९३६ च्या उन्हाळ्यात डोरोथीला सुचलं की तहानलेल्या प्रवाशांसाठी रस्त्यावर पाटी लावावी: बर्फाचं पाणी फुकट. तेव्हापासून गर्दी हटलेली नाही. पाणी अजून फुकट आहे आणि कॉफी पाच सेंट. आईने तिथे पोटभर पाणी प्यायलं, बाटल्या भरून घेतल्या आणि अमेरिकेत आल्यापासून प्रथमच या देशाबद्दल दोन बरे शब्द काढले. भरलेल्या बाटल्या कुठल्या आसावर ठेवायच्या, यावर अर्थातच चर्चा झाली.

आता मुख्य विषय. पुढे जाणं कुणालाही जमतं. ट्रेलरवाल्याची परीक्षा मुक्कामाला पोचल्यावर होते, कारण कॅम्पग्राउंडवर मिळालेल्या जागेत ट्रेलर बहुतेक वेळा उलटा घालावा लागतो. मागे जाताना सगळं जग उफराटं होतं. ट्रेलरचं बूड उजवीकडे न्यायचं तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं. यावर जाणकारांनी काढलेली युक्ती चांगली आहे: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, म्हणजे हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलर जातो. पण ट्रेलर जितका लहान तितका तो चटकन वळतो. लांबलचक ट्रेलर विचार करून वळतो, सोळा फुटी आधी वळतो. एका मर्यादेपलीकडे ट्रक आणि ट्रेलर काटकोनात आले की उपाय एकच, पुढे जाऊन पुन्हा पहिल्यापासून. यात कमीपणा काही नाही, असं सगळी पुस्तकं सांगतात. पुस्तकांना प्रेक्षक नसतात.

कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी पाच ते सात ही नाट्यप्रयोगाची वेळ. तिथे टीव्ही लावायला कुणी आलेलं नसतं. नवीन ट्रेलर आत शिरला की लोक घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर येतात, थंड पेयांचे डबे फुटतात आणि सगळ्यांचे चेहरे सहानुभूतीने भरून येतात. त्यात आमच्याकडे दिग्दर्शक म्हणून बाबा. त्यांनी खिशातून शिट्टी काढली. ती ते सातासमुद्रापलीकडे घेऊन आले होते, हे आम्हालाही त्याच वेळी कळलं. ट्रेलरच्या अंगावर थाप मारून त्यांनी सुरुवात केली, "येऊ द्या... येऊ द्या... ड्रायव्हर साइड घ्या... अजून ड्रायव्हर साइड..."

एसटीत ड्रायव्हर साइड म्हणजे उजवी आणि कंडक्टर साइड म्हणजे डावी. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो. बाबांची ड्रायव्हर साइड कराडच्या स्थानकावर ठरलेली होती आणि ती देश बदलला म्हणून बदलणार नव्हती. त्यांच्या मते मी आज्ञा मोडत होतो, माझ्या मते मी त्या तंतोतंत पाळत होतो, आणि ट्रेलर आम्हा दोघांचं ऐकून शेजारच्या पाइन वृक्षाकडे निघाला होता. तीन प्रेक्षक खुर्च्या पुढे ओढून घेते झाले. दोघांनी सल्ले दिले. सल्ले परस्परविरोधी होते. मुलगी उतरून दुसऱ्याच एका कुटुंबाजवळ जाऊन उभी राहिली.

तेव्हा बायको दाराशी आली. "उतर खाली," म्हणाली, "आणि बाबा, तुम्ही फक्त 'थांब' एवढंच सांगा." ट्रक एकदा पुढे घेतला, आरशात पाहिलं आणि एका हाताने ट्रेलर जागेवर नेऊन असा बसवला की वीज, पाणी आणि दार जिथल्या तिथे. बांधावरून शेतात शेणखताची ट्रॉली उलटी घालायची असते तेव्हा खाली उभं पीक असतं, प्रेक्षक नसतात, पण वडील असतात; त्यापुढे हे काहीच नाही, असं तिचं म्हणणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, कुठे शिकलात? ती म्हणाली, उसाच्या शेतात, कारखान्याला ऊस घालताना. गृहस्थ खुर्चीवरून उठलेच. ते आमच्याच मिनेसोटातल्या रेड रिव्हर खोऱ्यातले, पिढ्यान्‌पिढ्या साखरेचं बीट पिकवणारे. मग दोघं शेकोटीपाशी बसून तासभर बोलत होती. कारखान्यापुढच्या ट्रकांच्या रांगा, काटा, उतारा, भाव. मिनेसोटा काय आणि शिरोळ काय, तक्रार शब्दशः एकच निघाली.

दुसऱ्या दिवशी ट्रेलरची खरी किंमत कळली. घर कॅम्पवर सोडून नुसता ट्रक घेऊन आम्ही ब्लॅक हिल्समध्ये शिरलो. तिथल्या नीडल्स हायवेवर खडकातून कोरलेला एक बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे. घर आणि गाडी एकत्रच असलेल्या मोठ्या मोटारहोमवाल्यांना तिथून जाता येत नाही, त्यांना घरासकट बाहेर थांबावं लागतं. घर मागे ठेवून हिंडता येणं आणि संध्याकाळी परत आल्यावर आपल्याच शेगडीवर पिठलं-भात होणं, ही चैन कुठल्याही हॉटेलात मिळत नाही.

या चैनीचं बिल निघतानाच्या सकाळी चुकवावं लागतं. ट्रेलरच्या पोटात सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, एक भांडी-आंघोळीच्या पाण्याची आणि एक संडासाची. निघण्यापूर्वी डंप स्टेशनवर जाऊन, हातमोजे घालून, जाड नळी जोडून त्या रिकाम्या करायच्या. आधी संडासाची, मग साध्या पाण्याची, म्हणजे मागच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे काम मी केलं. बाबा वाऱ्याची दिशा पाहून सुरक्षित अंतरावर उभे होते. नळी गुंडाळून होईपर्यंत ते थांबले आणि मग म्हणाले, "एवढं शिकवलं, कर्ज काढून अमेरिकेला पाठवलं..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. गरजही नव्हती.

परतल्यावर त्यांनी वही उघडली. ट्रेलरची किंमत, विमा, नोंदणी, हिच आणि ब्रेक कंट्रोलर, कॅम्पग्राउंडचं भाडं, निम्म्यावर आलेलं मायलेज. ऑक्टोबरात पाइपांमध्ये भरायचं गुलाबी अँटिफ्रीझ, कारण मिनेसोटाच्या थंडीत पाइप फुटतात आणि ट्रेलर जवळजवळ अर्धं वर्ष अंगणात बर्फाखाली नुसता उभा असतो. सगळ्याची बेरीज करून त्यांनी निकाल दिला, की याच पैशांत पाच माणसांना दोन खोल्या घेऊन, नाश्त्यासकट, बरीच वर्षं मोटेलात राहता आलं असतं. निकाल बरोबर आहे. मी तक्त्यात घालून तपासला. तो सांगून झाल्यावर बाबांनी पुढच्या उन्हाळ्यात ग्लेशियर नॅशनल पार्कला जायचं असेल तर जागा सहा महिने आधी राखून ठेवावी लागते का, याची चौकशी केली.

तेव्हा पैसे वाचतील म्हणून ट्रेलर घेऊ नका. घरचं जेवण, आपला पलंग आणि काळजी करायला रोज नवा विषय हवा असेल तर जरूर घ्या. घेण्याआधी एकदा भाड्याने घेऊन बघा. जाहिरातीतला आकडा विसरा, दाराच्या चौकटीवरचा वाचा, आणि एकदा सगळ्या कुटुंबासकट काट्यावर जाऊन या. आईला दुकानात जाऊ देऊ नका. ओढण्याचं कौतुक सगळे करतात, पण ओढायला बैलही ओढतो. तोलणं, थांबवणं आणि मागे घेणं जमणारं माणूस घरात कोण आहे ते आधी बघून ठेवा, आणि ते माणूस तुम्ही नसाल तर वेळेवर उतरून किल्ली द्या. आणि कधी एखाद्या कॅम्पग्राउंडवर कुणी बिचारा ट्रेलर मागे घेताना दिसलाच, तर सल्ला देऊ नका, टाळ्या वाजवू नका, फोटो तर मुळीच काढू नका. खुर्ची दुसरीकडे फिरवून बसा.